अभ्यासिकेतले आठ जुने पीसी आणि लिनक्सचा डेस्कटॉप

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात राजारामपुरीत एका ताईंची अभ्यासिका आहे. बंद झालेल्या एका संगणक क्लासकडून त्यांनी आठ पीसी घेतले. तिसऱ्या पिढीचा आय-३, सहांमध्ये ४ जीबी रॅम, दोनांमध्ये जेमतेम २ जीबी, आणि सगळ्यांत जुन्या फिरत्या हार्ड डिस्क. त्यांवर विंडोज १० आहे. त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ या मशीनना दारातही उभं करत नाही. सकाळी स्पर्धा परीक्षेची मुलं बसतात, दुपारी फॉर्म भरणारे येतात. शिवाय ताईंचा स्वतःचा ८ जीबी रॅम आणि एसएसडीवाला (म्हणजे न फिरणाऱ्या, वेगवान डिस्कचा) लॅपटॉप आहे. विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकायचं ठरलंय. पण तिचे डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरच्या मांडण्या, अनेक: केडीई, एक्सएफसीई, सिनॅमन, नोम. पण भाचा म्हणतो, "केडीई टाक आत्या, लई भारी दिसतंय." ओळखीचा दुरुस्तीवाला म्हणतो, एक्सएफसीईशिवाय हे डबे हलणारच नाहीत. मग घ्यायचं कुठलं?

ताई, आधी उत्तर देतो, कारणं नंतर. आठही पीसींवर लिनक्स मिंट (लिनक्सची एक तयार आवृत्ती) घाला, सिनॅमन डेस्कटॉपचं. मात्र त्याआधी एसएसडी आणि थोडी रॅम. तेवढा खर्च आत्ता जमत नसेल तर आठही पीसींवर मिंटचीच एक्सएफसीई आवृत्ती. सहांवर एक आणि दोनांवर दुसरी असं अजिबात नको. तुमच्या लॅपटॉपवर केडीई. भाचा बरोबर आहे, फक्त त्याचं कारण चुकलंय.

आता कारणं. डेस्कटॉप बदलला म्हणजे लिनक्स बदललं असं नसतं. खालचा गाभा तोच, फायरफॉक्स तोच, लिबरऑफिस तेच, प्रिंटरला कागद पाठवणारी कप्स ही यंत्रणाही तीच. बदलतात ते खालची पट्टी, मेनू, खिडक्यांच्या कडा आणि त्यावरची बटणं, फोल्डर उघडणारा प्रोग्राम, सेटिंगची जागा. म्हणजे हात जिथे जातो ती प्रत्येक जागा. म्हणून माझा पहिला प्रश्न मशीनबद्दल नसतो. त्या खुर्चीवर कोण बसणार आहे आणि त्याचा हात आत्ता कशाला सरावलाय, हे मी आधी विचारतो.

हे मला २०११ साली उद्यमनगरात कळलं, आणि चांगलंच कळलं. तोवर उबुंटू या लिनक्सच्या फुकट सीडी पोस्टाने घरी यायच्या, आणि त्यावरचा नोम २ हा डेस्कटॉप आम्ही डोळे मिटून सगळीकडे टाकायचो. वर एक पट्टी, खाली एक पट्टी, डावीकडे मेनू. विंडोज एक्सपीवरून आलेला माणूस अर्ध्या तासात रुळायचा. एप्रिल २०११ मध्ये नोम ३ आला. टास्कबार गेला, मिनिमाइजचं बटण गेलं, डेस्कटॉपवरचे आयकॉन गेले. त्याच महिन्यात उबुंटूने युनिटी हा स्वतःचा वेगळाच अवतार सगळ्यांसमोर ठेवला. मी उत्साहाच्या भरात एका फाउंड्रीच्या ऑफिसात नोम ३ असलेलं फेडोरा हे लिनक्स टाकलं. तिथले हिशेब बघणारे काका साठीच्या आसपासचे होते. कॉम्प्युटरला ते बिचकत नव्हते, दहा वर्षं त्यावर काम करत होते. पण एक खिडकी बाजूला सारून दुसरी घ्यायची म्हटलं की त्यांचा हात वरच्या उजव्या कोपऱ्यात जायचा, आणि तिथे बंद करायच्या फुलीशिवाय काहीच नसायचं. दुपारपर्यंत त्यांनी चार वेळा चालू काम बंद केलं. चौथ्या वेळी ते काही बोलले नाहीत, नुसता चहा मागवला आणि खुर्ची मागे सरकवून बसले. संध्याकाळी मी जाऊन एक्सएफसीई बसवलं. नोम ३ वाईट होता असं नाही. त्यामागे विचार होता, आणि आज तो विचार पिकलाही आहे. पण काकांच्या हाताला तो कुणी विचारला नव्हता.

त्या उलथापालथीतूनच आजचे निम्मे पर्याय निघाले, हे माहीत असलं की यादी बघून घाबरायला होत नाही. जुना नोम २ हवाच, असं म्हणणाऱ्यांनी त्याचाच कोड पुढे चालवला, तो माते. अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्याने ते काम सुरू केलं आणि तिकडच्या पेयाच्या वनस्पतीचं नाव दिलं. आपल्याकडे सगळे त्याला मेट म्हणतात, चालतंय. मिंटवाल्यांनी नोम ३ चं नवं इंजिन घेतलं आणि वरची मांडणी जुन्या वळणाची ठेवली. तो सिनॅमन, म्हणजे दालचिनी. उबुंटूने युनिटी सोडून २०१७ मध्ये परत नोम धरला, पण बाजूला आपली पट्टी लावून. त्यामुळे उबुंटूचा नोम आणि फेडोराचा शुद्ध नोम शेजारी ठेवले तर नवख्याला दोन वेगळ्या वस्तू वाटतात.

केडीई आणि एक्सएफसीई या भांडणाच्या आधीचे आहेत, दोन्ही १९९६ चे. केडीई जर्मनीत सुरू झाला. तो ज्या क्यूटी लायब्ररीवर उभा होता तिचा परवाना तेव्हा पुरता मुक्त नव्हता, या आक्षेपातून १९९७ मध्ये नोम प्रकल्प निघाला. म्हणजे या दोघांची भाऊबंदकी आपल्या इंटरनेटच्या डायल-अप काळापासूनची आहे. गंमत अशी की केडीईच्या ब्राउझरसाठी लिहिलेलं केएचटीएमएल हे इंजिन पुढे ॲपलने घेतलं, त्याचं वेबकिट झालं, आणि वेबकिटमधून क्रोमचं ब्लिंक निघालं. केडीई कधी बघितलंही नाही अशा माणसाच्या मोबाइलमध्येसुद्धा त्याचा अंश रोज चालतो.

आता दुरुस्तीवाल्याचा मुद्दा. तो पूर्ण खोटा नाही, पण त्याचा हिशेब जुना आहे. मशीन चालू करून काहीही न उघडता सिस्टिम मॉनिटर बघितला तर माझ्याकडच्या मशीनवर साधारण असे आकडे येतात: एलएक्सक्यूटी हा सगळ्यात हलका डेस्कटॉप पाचशे एमबीच्या आसपास, एक्सएफसीई सहाशे ते आठशे, सिनॅमन आणि केडीई दोन्ही नऊशे ते अकराशे, नोम बाराशेच्या वर. हलका आणि जड यांत फरक पाऊण जीबीचा. आता फायरफॉक्स उघडा, त्यात भरतीचं संकेतस्थळ, ईमेल, एक यूट्यूबचं लेक्चर आणि दोन पीडीएफ लावा. दीड ते दोन जीबी तिथेच गेली, आणि ती सगळ्या डेस्कटॉपवर सारखीच जाते. ४ जीबीच्या मशीनवर मुलांची तक्रार येते ती बहुतेक या ब्राउझरमुळे, आणि शिव्या खातो डेस्कटॉप.

त्याहून मोठा चोर म्हणजे ती फिरती हार्ड डिस्क. रॅम कमी पडली की मशीन डिस्कचा आधार घेतं, आणि डिस्कच रखडत असेल तर सगळंच हँग झाल्यासारखं वाटतं. आयकॉनवर क्लिक केलं, काही झालं नाही, परत केलं, परत केलं, आणि मग एकदम चार खिडक्या उघडल्या. हे सगळं एसएसडी लावली की जातं. २०१९ च्या महापुरानंतर माझ्याकडे भिजलेले पीसी रांगेने आले होते. ज्यांचे बोर्ड वाचले त्यांना आम्ही नाइलाजाने नव्या डिस्क लावल्या, आणि लोक येऊन म्हणायला लागले की पुरानंतर मशीन पहिल्यापेक्षा जोरात पळतंय. डेस्कटॉप आम्ही तोच ठेवला होता, बदलली होती फक्त डिस्क.

रॅमचंही एक सांगतो, त्यात पैसे वाचतील. तिसऱ्या पिढीच्या बोर्डला डीडीआर-३ लागते, ती सेकंडहँड मिळते. तुमच्या ४ जीबीवाल्या सहा मशीन उघडून बघा. बहुतेकांत २-२ जीबीच्या दोन पट्ट्या असतील. त्यांतल्या काही मशीनना ४-४ च्या नव्या पट्ट्या घातल्या की निघालेल्या २ च्या पट्ट्या त्या दोन गरीब मशीनना देता येतात. असं केलं की ४ जीबीच्या खाली एकही मशीन राहत नाही. ४ जीबी आणि एसएसडी एवढ्यावर सिनॅमन नीट चालतो. मिंटची किमान गरज २ जीबी आहे आणि ४ असावी अशी त्यांचीच शिफारस आहे. ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडणारा एखादा शहाणा भेटणारच, त्याला ८ जीबीवालं मशीन द्या.

आणि आठही मशीन एकसारख्या का, तर बैलजोडीतला मंद बैल गाडीचा वेग ठरवतो म्हणून. मुलं रोज वेगळ्या खुर्चीवर बसतात. काल तीन नंबरला मेनू खाली होता आणि आज सात नंबरला वर आहे, असं झालं की दिवसभर "ताई, हे कुठाय?" ऐकायची तयारी ठेवा. शिवाय तुम्ही बाहेरगावी असताना फोनवर सांगायचं झालं तर डोळ्यांसमोर एकच पडदा असला पाहिजे. त्यामुळे सगळ्यात कमजोर मशीनला जे पेलतं ते सगळ्यांवर.

सिनॅमन का आणि एक्सएफसीई का नाही? तुमच्याकडची मुलं एमएस-सीआयटी करून आलेली, म्हणजे हात विंडोजचा. डाव्या खालच्या कोपऱ्यात मेनू, पट्टीवर उघड्या खिडक्या, उजवीकडे घड्याळ आणि वायफाय. सिनॅमन हे सगळं आहे त्या जागी देतो, काही न करता. एक्सएफसीईसुद्धा देतो, तो मला व्यक्तिशः जास्त आवडतो, माझ्या दुकानातल्या मशीनवर बारा वर्षं तोच आहे. तो बदलत नाही हा त्याचा मोठा गुण. ४.१८ डिसेंबर २०२२ मध्ये आला, ४.२० डिसेंबर २०२४ मध्ये, आणि मधल्या काळात माझ्या हाताला काहीही नवीन शिकावं लागलं नाही. पण त्यात बारीकसारीक गोष्टी स्वतः लावून घ्याव्या लागतात. प्रोजेक्टर जोडला की काय करायचं, आवाजाचं बटण, टचपॅड. दुरुस्तीवाल्याला त्यात मजा वाटते, तुम्हाला वाटणार नाही.

कुणी झुबुंटू किंवा लुबुंटू, म्हणजे उबुंटूच्याच हलक्या डेस्कटॉपच्या आवृत्त्या, सुचवल्या तर एक तारीख लक्षात ठेवा. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या मुख्य आवृत्तीला ५ वर्षं आधार असतो, पण या भावंडांना ३. मिंटच्या २२ या मालिकेला, मग ती सिनॅमन असो, माते असो वा एक्सएफसीई, २०२९ पर्यंत. आठ मशीनना परत फॉरमॅट मारायला किती सुट्ट्या जातात ते तुम्हाला माहीत आहे.

तुमच्यासाठी मिंटच्या बाजूने सगळ्यात वजनदार कारण मात्र वेगळंच आहे, आणि ते डेस्कटॉपच्या तुलनेत कुणी सांगत नाही. मिंटच्या लॉगिन खिडकीत पाहुण्यांचं सत्र चालू करता येतं. म्हणजे पासवर्ड न देता माणूस बसतो, काम करतो, आणि लॉगआउट केलं की त्याने उतरवलेलं सगळं पुसलं जातं. आधार कार्डाची पीडीएफ, जातीचा दाखला, फोटो, सही, उघडं राहिलेलं जीमेल, सगळं. फॉर्म भरायच्या जागी हे नसेल तर महिन्याभरात डाउनलोड फोल्डरमध्ये अर्ध्या राजारामपुरीची कागदपत्रं साठतात. मी एका ठिकाणी दोन वर्षांची साठलेली बघितली आहेत, आणि त्या मालकाला पत्ताही नव्हता. उबुंटूमध्ये ही सोय पूर्वी होती. नोमचा लॉगिन पडदा घेतल्यापासून गेली. केडीईच्या नेहमीच्या लॉगिन पडद्यातही ती नाही. सिनॅमन आणि एक्सएफसीई या दोन्ही मिंटमध्ये मिळते, म्हणून पैशांअभावी एक्सएफसीईवर यावं लागलं तरी हा फायदा हातचा जात नाही. पाहुणा आपलं काम पेनड्राइव्हवर घेऊन जाईल, एवढी सूचना भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा, नाहीतर रडारड होईल. रोजच्या सभासदांना वेगळं खातं द्या.

फॉर्मवरून आणखी एक. फोटो ५० केबीच्या आत, सही २० केबीच्या आत, हे रोजचं दुखणं. सिनॅमनच्या फाइल प्रोग्रामला, म्हणजे नेमोला, आणि एक्सएफसीईच्या थुनारला, उजव्या क्लिकच्या मेनूत आपली स्वतःची आज्ञा घालता येते. मी एका केंद्रात "फोटो ५० केबीत बसव" अशी मराठी ओळच घालून दिली आहे, मागे इमेजमॅजिक हा प्रोग्राम काम करतो. माणूस फोटोवर उजवं क्लिक करतो, ओळ निवडतो, शेजारी लहान फाइल तयार. कुठल्यातरी अनोळखी संकेतस्थळावर आपला फोटो आणि सही चढवून लहान करून घेणं बंद झालं. केडीईतही असं करता येतं. नोममध्ये आडवळणाने जमतं, मी त्या वाटेला जात नाही.

इथे सिनॅमनची एक कमतरताही सांगायला हवी. फॉर्ममध्ये "फाइल निवडा" दाबल्यावर जी खिडकी उघडते तिच्यात फोटोंची चित्ररूप जाळी दिसत नाही. नावांची यादी दिसते, एकेका नावावर क्लिक केलं की बाजूला त्याचं चित्र येतं. मोबाइलवरून आलेल्या फोटोंची नावं म्हणजे नुसते आकडे, त्यात सही कुठली आणि फोटो कुठला हे शोधताना वेळ जातो. ही तक्रार जुनी आणि प्रसिद्ध आहे, नोमच्या नव्या ॲपमध्ये २०२३ च्या ४४ व्या आवृत्तीत ती दूर झाली, केडीईत ती कधी फारशी नव्हती. तोवर उपाय साधा: फाइलला आधी "सही" असं नाव द्यायला शिकवा.

आता मराठी, कारण आपल्याकडे डेस्कटॉप खरा इथे पास किंवा नापास होतो.

नोममध्ये आयबस, म्हणजे इतर भाषांत टाइप करायची सोय, आतच बसवलेली असते. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी निवडायचं, आणि सुपर म्हणजे विंडोजचं बटण दाबून स्पेस दिली की भाषा बदलते. या एका बाबतीत नोमच्या जवळ कुणी नाही. सिनॅमनमध्ये ही सोय, म्हणजे इनपुट मेथड, वेगळी बसवावी लागते, एकदा आयबस आणि त्याचं एम१७एन हे पॅकेज घातलं की उच्चारानुसार लिहिणं, इनस्क्रिप्ट, आयट्रान्स आणि आपलं गमभनसुद्धा, असे टायपिंगचे सगळे प्रकार यादीत दिसतात. एक्सएफसीईत तसंच, फक्त पट्टीवर भाषेचं चिन्ह दिसतंय ना ते बघून घ्या. नुसतं इनस्क्रिप्ट हवं असेल तर यांतलं काहीच लागत नाही, ते कीबोर्डच्या मांडणीतच असतं. केडीईत मी आयबसऐवजी एफसीआयटीएक्स ५ घालतो. तिथे एक खड्डा आहे ज्यात मी स्वतः एक रविवार घालवलाय: वेलँडवर (ते काय हे पुढे सांगतो) चालणाऱ्या केडीईत नुसतं बसवून भागत नाही, सिस्टिम सेटिंगमध्ये "व्हर्च्युअल कीबोर्ड" नावाच्या पानावर जाऊन एफसीआयटीएक्स निवडावं लागतं. पडद्यावरच्या कीबोर्डचं पान समजून कुणी तिकडे फिरकत नाही.

तपासायला मी एक ओळ ठरवून ठेवली आहे: "पन्हाळ्याच्या दऱ्यांवरून वाऱ्याने ज्ञानेश्वरी उडाली, ॲड्रेस चुकला." यात चंद्रकोरीसारखा अर्धा र आहे, ज्ञ आहे, ॲ आहे. ही ओळ फायरफॉक्समध्ये, लिबरऑफिसमध्ये आणि फाइलच्या नावात, तिन्हीकडे नीट लिहिता आली आणि नीट दिसली की पास. ल आणि श मराठी वळणाचे हवे असतील तर लोहित मराठी हा फाँट घाला. तुमच्याकडे टायपिंगच्या परीक्षेची मुलं असतील आणि त्यांचा हात रेमिंग्टनचा, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीचा असेल, तर मात्र त्यांच्यातल्या एकाला आधी बसवून बघा. इथे दोन अक्षरं इकडेतिकडे असली तरी त्यांचा वेग तुटतो. त्यांच्यासाठी एखादं मशीन विंडोजवर राहिलं तरी बिघडत नाही, फक्त त्यावर पैशांचे व्यवहार नकोत. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधल्या पत्रिका आणि फ्लेक्सच्या फाइली घेऊन कुणी आलं तर त्यांना लक्ष्मीपुरीतल्या प्रेसचा रस्ता दाखवा. तो प्रश्न कुठल्याच डेस्कटॉपने सुटत नाही.

तसंच प्रिंटरचं. झेरॉक्सच्या जवळपास प्रत्येक दुकानात दिसणारा तो छोटा लेझर प्रिंटर लिनक्सवर त्रास देऊ शकतो, तो सिनॅमनवर देत असेल तर केडीईवरही देईल. बोटांच्या ठशाचं यंत्र, डिजिटल सहीचं टोकन, हेही असंच. आधी त्यांचा ड्रायव्हर लिनक्ससाठी आहे का ते बघा, डेस्कटॉपचा विचार मग.

तुमचा लॅपटॉप. तिथे बसणारं माणूस एकच, ठरलेलं, आणि मशीनमध्ये दम आहे. केडीईची सध्याची पिढी प्लाझ्मा ६, फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. जड म्हणून त्याचं नाव खराब झालं ते २००८ च्या केडीई ४ मुळे, ते खरंच अर्धकच्चं बाहेर पडलं होतं. अजून लोक तेच पाठ म्हणतात. आज तो सिनॅमनइतकीच रॅम घेतो. भाच्याला दिसतं ते त्याचं रूप, मला पटतात त्या तीन गोष्टी. एक, केडीई कनेक्ट: फोनवर आलेला फॉर्मचा फोटो केबल न लावता लॅपटॉपवर येतो, फोनवरचा ओटीपीचा संदेश पडद्यावर दिसतो. हे ॲप इतर डेस्कटॉपवरही चालतं, पण इथे घरचं आहे. दुसरं, कॉपी केलेल्या मागच्या बऱ्याच गोष्टी लक्षात ठेवणारा क्लिपबोर्ड. दिवसातून पन्नास वेळा नाव, पत्ता, अर्ज क्रमांक चिकटवणाऱ्या माणसाला याची सवय लागली की सुटत नाही. तिसरं, अक्षरांचा आकार. चौदा इंची पडद्यावर सगळं १२५ टक्के करायचं असेल तर वेलँडवरचा केडीई ते स्वच्छ करतो. एक्सएफसीईत तितकं स्वच्छ हवं असेल तर एकदम दुप्पट तरी करा नाहीतर नुसता फाँट वाढवा, अशी स्थिती आहे. चाळिशी लागलेल्या डोळ्यांना हा मुद्दा रॅमपेक्षा मोठा वाटतो, स्वानुभव.

वेलँड हा शब्द दोनदा आला म्हणून दोन ओळी. पडद्यावर खिडक्या काढणारी जुनी यंत्रणा एक्स११ ही १९८७ ची. तिच्या जागी वेलँड येतंय. केडीई आणि नोम तिकडे गेले आहेत, उबुंटूने २५.१० मध्ये नोमचं एक्स११ सत्र काढूनच टाकलं. सिनॅमनमध्ये ते अजून प्रयोग म्हणून आहे, एक्सएफसीईतही मुख्य काम एक्स११ वरच. तुम्हाला याचा फरक पडेल तो दूरवरून दुसऱ्याचं मशीन हाताळायच्या ॲपमध्ये, ती वेलँडवर अजून अडखळतात. अभ्यासिकेच्या मशीन मी माझ्या दुकानातून बघाव्यात असं वाटत असेल तर हेही सिनॅमनच्याच पारड्यात टाका.

केडीईचा धोका एकच, सेटिंगचा मोह. खिडकीची कड किती जाड, पट्टी तरंगती की चिकटलेली, सगळं बदलता येतं, म्हणून माणूस बदलत बसतो. तुमच्या भाच्याचं तेच चाललंय असा माझा दाट संशय आहे.

मग नोम कुणाला? एक उदाहरण देतो. मागच्या वर्षी एका ओळखीच्यांच्या मुलीला कॉलेजसाठी जुना लॅपटॉप करून दिला. तिने घरी कधी पीसी वापरला नव्हता, सगळं आयुष्य मोबाइलवर. सवयीने मी सिनॅमन दाखवला, तर ती मेनूतल्या मेनूत हरवली. उबुंटूचा नोम दाखवला, मोठे आयकॉन, वरून शोधायची पट्टी, टचपॅडवर तीन बोटांनी सरकणारे पडदे, दहा मिनिटांत ती घरची झाली. २०११ मध्ये उद्यमनगरच्या काकांना ज्याने छळलं तेच तिला सोपं गेलं, कारण तिचा हात मोबाइलने घडवलाय. पुढच्या पाच-सात वर्षांत तुमच्याकडे येणारी मुलं तिच्यासारखीच असतील, तेव्हा हे उत्तर बदलेल. नोममध्ये मला नडतं ते एवढंच की तो मनासारखा करायला जी एक्स्टेन्शन घालावी लागतात ती दर सहा महिन्यांच्या नव्या आवृत्तीत तुटायची शक्यता असते. आहे तसा वापरणार असाल तरच घ्या.

एलएक्सक्यूटीचं जास्त सांगत नाही. २ जीबीचं मशीन तसंच चालवायचं असेल तर तो, पण तुम्हाला रॅमच्या पट्ट्यांची युक्ती सांगितली आहे. माते चांगला आहे, सिनॅमन असताना तुम्हाला त्याची गरज नाही.

बसवायच्या आधी स्वतः बघा. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्यावर व्हेंटॉय हा प्रोग्राम घाला, आणि मिंट सिनॅमन, मिंट एक्सएफसीई, कुबुंटू (केडीईवालं उबुंटू), उबुंटू यांच्या आयएसओ फाइली, म्हणजे बसवायच्या प्रती, नुसत्या कॉपी करून टाका. मशीन चालू करताना यादी येते, हवा तो निवडायचा, डिस्कला हात न लावता चालवून बघायचा. पेनड्राइव्हवरून तो हळू चालणार, वेगावरून निकाल देऊ नका. वरची पन्हाळ्याची ओळ लिहा, एक पान छापा, प्रोजेक्टर जोडा, झाकण मिटून उघडल्यावर वायफाय परत येतं का बघा. आणि तुमच्याकडच्या दोन मुलांना काही न सांगता बसवा. ती पहिल्या पाच मिनिटांत कुठे अडतात ते मागे उभं राहून नुसतं बघा, मदत करू नका. हे कठीण जातं, पण माझ्या सगळ्या सल्ल्यापेक्षा त्यातून जास्त कळेल.

एका मशीनवर एकाच खात्यात दोन-तीन डेस्कटॉप घालून बघायचा प्रयोग मात्र नको. चालतं ते, लॉगिनच्या वेळी निवडताही येतं. पण मेनूत तीन टर्मिनल, दोन फोटो बघायचे प्रोग्राम, एकाची थीम दुसऱ्यात घुसलेली, आणि पासवर्ड सांभाळणारे दोन प्रोग्राम आळीपाळीने पासवर्ड मागत राहतात. नंतर एक काढायला गेलं की दुसऱ्याचं काहीतरी सोबत निघतं. करायचंच असेल तर वेगळं खातं काढून करा, आणि आधी टाइमशिफ्ट या प्रोग्रामने परतीचा फोटो, म्हणजे सिस्टिमच्या आत्ताच्या स्थितीची नोंद, काढून ठेवा.

भाचा आता ते माउसशिवाय, खिडक्या फरशीसारख्या आपोआप मांडणारं काहीतरी लावायला मागे लागेल. लागू दे. रॅमच्या दोन जुन्या पट्ट्या उरल्या तर त्याला त्याच्याच मशीनवर घालून द्या. अभ्यासिकेच्या आठ मशीनचा ॲडमिन पासवर्ड तेवढा त्याला देऊ नका.